फवारणी करणाऱ्या मजुरासाठी ग्रामसभेत ठराव मांडायचा आहे, मदत हवी आहे

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात ग्रामपंचायत सदस्य आहे. घरची सहा एकर शेती, कपाशी आणि तूर. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत फवारणीबद्दल ठराव मांडायचा आहे आणि तो नीट लिहिता येत नाहीये. थोडं लांबेल, पण सगळं सांगते.

मागच्या सप्टेंबरात आमच्या शेतात फवारणी चालू होती. फवारणारे काका आमच्याकडे खूप वर्षांपासून येतात. स्वतःची जमीन नाही. पंपाच्या टाकीमागे पैसे घेतात, म्हणजे जितक्या टाक्या तितकी कमाई, त्यामुळे मधे थांबणं नाही. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, छातीच्या वर गेली होती. एवढ्या उंच पिकात नळी वर धरूनच चालावं लागतं आणि फवारा उलटून अंगावर येतो. चारच्या सुमारास ते धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, येऊन बसले. घामाने निथळत होते, तोंडातून लाळ गळत होती. म्हणाले, "ताई, डोळ्यापुढं धुकं आल्यावानी वाटून राह्यलं." आम्ही त्यांना मोटारसायकलवर मधे बसवून दवाखान्यात नेलं. सहा दिवसांनी घरी आले. वाचले.

ते भरती असताना त्यांच्या घरी गेले तर त्यांच्या बायकोने फवारणीच्या वेळचा तोच शर्ट लेकरांच्या कपड्यांसोबत एकाच बादलीत भिजवला होता. तिला कोणी काही सांगितलेलंच नव्हतं. मीही नाही.

नंतर मदतीसाठी चौकशी केली तेव्हा पहिला प्रश्न आला, सातबारा कोणाच्या नावावर? गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत कीटकनाशकाची विषबाधा बसते. पण लाभ मिळतो तो वहितीधारक खातेदाराला, म्हणजे ज्याच्या नावावर शेत आहे त्याला, आणि त्याच्या घरच्या एका माणसाला, तोही मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर. म्हणजे माझ्या वडिलांना फवारताना काही झालं असतं तर २ लाखांपर्यंत अर्ज करता आला असता. शेत आमचं, औषध आम्ही आणलेलं, आणि पंप ज्यांच्या पाठीवर होता त्यांचं नाव कुठल्याच कागदात नाही. हे मला झोपू देत नाही.

२०१७ साली आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून जास्त माणसं गेली. विशेष तपास पथक (एसआयटी) नेमलं गेलं, काही औषधांची विक्री ६० दिवस थांबवली, फवारताना घालायचे संरक्षक किट वाटले. २०२० मध्ये केंद्राने २७ कीटकनाशकांवर बंदीचा मसुदा काढला, आणि २०२३ मध्ये प्रत्यक्ष बंदी आली ती मोजक्याच औषधांवर. बंदी हवीच, पण ती दिल्लीत ठरते. गावात काय ठरवता येईल ते मला विचारायचं आहे.

किटबद्दल स्पष्ट सांगते. सप्टेंबरच्या उन्हात तो प्लास्टिकचा कोट घालून टाकी उचलणं माणसाला शक्य नाही, चष्म्यावर वाफ धरते. आमच्या घरी दोन किट पडून आहेत, त्यात आता सरकी ठेवतो. म्हणून 'किट वाटावेत' एवढाच ठराव मला नको आहे.

विचारायचं आहे ते असं. ग्रामसभा फवारणीची वेळ ठरवू शकते का, म्हणजे सकाळी दहानंतर नाही, असं? भूमिहीन मजुराला योजनेत घ्या अशी मागणी कोणाकडे आणि कोणत्या शब्दांत पाठवायची? आणि दवाखान्याच्या कागदावर 'अज्ञात विष' लिहिलं गेलं, ते पुढच्या वेळी कसं टाळायचं?

प्रतिसाद १
ताई, मी कृषी खात्यातून निवृत्त झालो आहे. वेळेचं बंधन ठरावात घ्या, पण दंडाची भाषा टाळा, तसा अधिकार ग्रामसभेला दाखवता येणार नाही आणि सगळा ठरावच अडकेल. 'गावाने एकमताने ठरवले' असं लिहा. त्याहून उपयोगाचं म्हणजे टाकीमागे पैसे देणं बंद करून दिवसाची रोजी ठरवा. माणूस घाई करतो ती टाकीच्या हिशोबामुळे.
कायद्याचा आधार हवा असेल तर कीटकनाशके अधिनियम १९६८ चं कलम २६ बघा. विषबाधेच्या घटना कळवणं बंधनकारक करण्याचा अधिकार राज्याला आहे. १९७१ च्या नियमांत संरक्षक कपडे, प्रशिक्षण, वैद्यकीय तपासणी सगळं आहे. ते शेतमजुरापर्यंत आणा, अशी मागणी करा.

प्रतिसाद २
ग्रामीण रुग्णालयात काम करते. बाटली सोबत आणा, एवढं एक जरी गावात रुजलं तरी खूप झालं. दुकानातलं नाव नाही, लेबलवरचं तांत्रिक नाव आम्हाला लागतं. प्रोफेनोफॉससारखं ऑर्गॅनोफॉस्फरस असेल तर अ‍ॅट्रोपिन हा उतारा लगेच सुरू करता येतो. डायफेन्थियुरॉनसारख्या दुसऱ्या कीटकनाशकाला उतारा नाही, तिथे लक्षणं बघूनच उपचार चालतात. बाटली नसली की कागदावर 'अज्ञात' येतं. लेबलवर लाल त्रिकोण असलेलं औषध सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा, हे बायकांनाही शिकवा. अंगावर सांडलं तर कपडे काढून साबणाने आंघोळ आधी, मग गाडी. ते कपडे वेगळे धुवायचे.

धागाकर्तीचं उत्तर
दोघांचेही मनापासून आभार. बाटली तेव्हा धुऱ्यावरच राहिली होती, हे मी वर लिहिलं नव्हतं. रोजीचा मुद्दा ठरावात पहिला घेते. काकांना विचारलं तर म्हणाले, रोजी किती ते आधी ठरवा, टाकीच्या हिशोबापेक्षा कमी पडली तर पोरं येणार नाहीत. बरोबर आहे त्यांचं. आमच्या पाचशे उंबऱ्यांच्या गावात फवारणीला जाणारे तीसेक जण असतील, त्यांना रविवारी समाजमंदिरात बोलावलं आहे. आकडा तेच सांगतील. कोणाच्या गावात अशी रोजी ठरली असेल तर किती ठरली, ते इथे लिहा, रविवारच्या आत.