स्प्रिंगने जोडलेले दोन ठोकळे: माझं उत्तर ५ सेंमी, पुस्तकात १०

बारावीची_आई:
मुलगा लातूरला हॉस्टेलवर असतो. रोज रात्री साडेनऊला फोन करतो आणि दिवसभरात अडलेलं एखादं गणित मला सांगतो. मी बी.एस्सी.ला फिजिक्स घेतलं होतं, त्यामुळे बहुतेक वेळा निभावतं. कालच्या गणिताने मात्र दोघांचीही झोप उडवली.

गुळगुळीत जमिनीवर २ किलो आणि ३ किलोचे ठोकळे, मध्ये हलकी स्प्रिंग, स्थिरांक ८० न्यूटन प्रति मीटर. सगळं स्थिर, स्प्रिंग मूळ लांबीत. ३ किलोच्या ठोकळ्याला एकदम १० न्यूटनचं बल लावलं आणि तेवढंच ठेवलं. स्प्रिंग जास्तीत जास्त किती ताणली जाईल?

मी असं केलं: एकूण वस्तुमान ५ किलो, बल १०, म्हणून त्वरण २. मागच्या ठोकळ्याला ओढणारी फक्त स्प्रिंगच, म्हणजे तिच्यात ४ न्यूटन. ४ भागिले ८०, ५ सेंमी. पुस्तक १० म्हणतं. बरोब्बर दुप्पट आहे म्हणजे छपाईची चूक नसणार. मला सूत्र नकोय, माझी कुठली पायरी चुकली ते कळायला हवंय, कारण मुलाने तिकडे स्वतंत्रपणे हेच लिहिलं होतं.

निवृत्त_मास्तर:
ताई, तुमचं गणित बरोबर आहे, पण ते दुसऱ्याच क्षणाचं आहे. ५ सेंमीला दोघांचं त्वरण सारखं होतं. पण त्या क्षणी पुढच्याचा वेग मागच्यापेक्षा जास्त असतो, कारण तोवर पुढचाच जास्त त्वरणाने पळत होता. पुढचा अजून लांब जातोय म्हटल्यावर स्प्रिंग ताणायची कशी थांबेल? ती थांबते दोघांचे वेग सारखे होतात तेव्हा. १० सेंमीला स्प्रिंगमध्ये ८ न्यूटन असतात. मागच्याचं त्वरण ८ भागिले २, म्हणजे ४. पुढच्यावर उरले २ न्यूटन, त्वरण ०.६७. बघा, त्वरणं सारखी तर नाहीतच, उलट मागचा आता पुढच्याला गाठायला निघालाय.

आता १० कसे आले ते. वस्तुमानकेंद्रावर, म्हणजे दोन्ही ठोकळ्यांचं मिळून जे सरासरी स्थान त्यावर, बसून बघा. ते २ च्या त्वरणाने चाललंय, म्हणून सूडो फोर्स धरायचा, म्हणजे प्रत्येकावर मागे वस्तुमान × २ इतकं मानीव बल: मागच्यावर मागे ४ न्यूटन, पुढच्यावर १० वजा ६, पुढे ४ न्यूटन. स्प्रिंग दोन्ही टोकांनी ४-४ न्यूटनने ओढली जातेय. स्प्रिंग एकूण क्ष मीटर ताणली गेली तर कार्य ४क्ष, आणि ते सगळं स्प्रिंगमध्ये ½ × ८० × क्ष² म्हणून साठतं: ४क्ष = ४०क्ष². क्ष = ०.१ मीटर.

सुरुवातीला दोघं स्थिर आणि शेवटी या चौकटीत पुन्हा स्थिर, म्हणूनच गतिज ऊर्जा हिशेबातून गळते. हे वाक्य मुलाला वहीत लिहायला सांगा. वर्गात बहुतेक मुलं इथेच अडकायची.

सातारकर_इंजि:
वेळही काढता येतो. रिड्यूस्ड मास (दोन ठोकळ्यांऐवजी हिशेबात धरायचं एकच वस्तुमान) २×३÷५ = १.२ किलो, त्यावरून आवर्तकाल, म्हणजे एका पूर्ण हेलकाव्याचा वेळ, सुमारे ०.७७ सेकंद. स्प्रिंग ० ते १० सेंमी अशी मागेपुढे होत राहते आणि ५ हा तिचा मध्य. ताईंचं उत्तर म्हणजे हा मध्य.

बारावीची_आई:
सर, खूप आभार. वाचल्यावर माळ्यावरचा जुना स्प्रिंगचा काटा काढला. एक किलो साखरेची पुडी हुकाला अडकवली, हाताने धरून हळूहळू खाली सोडली: काटा बरोबर १ वर. मग पुडी हुकाला लावून शून्यावर धरली आणि एकदम हात काढला. काटा दोनच्या अगदी जवळ गेला, परत वर आला, हलत हलत १ वर थांबला. हळू सोडताना जास्तीची ऊर्जा माझा हात काढून घेत होता, हे मला आज पहिल्यांदा खरंखुरं समजलं.

पुणे_क्लास_टीचर:
अगदी हेच! घर्षणाच्या गणितातला 'अर्धा' इथूनच येतो. खरखरीत जमिनीवर मागचा ठोकळा जेमतेम हलावा म्हणून पुढच्याला कमीत कमी किती स्थिर बल लावावं? मुलं दोन्ही घर्षणांची बेरीज लिहितात. खरं उत्तर: पुढच्याचं पूर्ण घर्षण अधिक मागच्याचं अर्धं. पुढचा ठोकळा क्षणभर थांबतो तेव्हा स्प्रिंग मागच्याच्या घर्षणाइतकी ताणलेली असली की झालं. ताई, काट्याचा प्रयोग मुलाला फोनवर नका सांगू, सुट्टीत घरी आला की करून दाखवा.

बारावीची_आई:
सांगून टाकला, राहवलं नाही. त्याने लगेच विचारलं, "आई, बल २ किलोच्या ठोकळ्याला लावलं तर?" मी कागद शोधेपर्यंत तोच म्हणाला, मागे आता ३ किलो, स्प्रिंगला ६ न्यूटन, मध्य साडेसात, जास्तीत जास्त १५. सर, बरोबर आहे ना?

निवृत्त_मास्तर:
बरोबर. त्याला म्हणावं, आता घर्षणाचं सोडव.