फ्लीसला नावं ठेवणाऱ्यांनी आधी खानापूरच्या पावसात स्वेटर वाळवून दाखवावा

नंदगडची सून:
'रानवाटा' यांनी परवा लिहिलं की फ्लीस, म्हणजे ते पॉलिस्टरचं मऊ गरम कापड, हे अंगावर चढवलेलं प्लास्टिक, ते घालणाऱ्याला नदीबद्दल बोलायचा हक्क नाही आणि सीमाभागातल्या माणसानं थंडीला घोंगडंच घ्यावं. दोन दिवस गप्प बसले. आता लिहितेच.

दादा, तुम्ही खानापूर तालुक्यात कधी पावसाळा काढलाय? कणकुंबी-जांबोटीकडं तर ऊन म्हणजे काय ते विसरायला होतं, आमच्याकडंही श्रावण संपेपर्यंत घरात दोऱ्या बांधलेल्या असतात. लोकरीचा स्वेटर भिजला की दिवसेंदिवस ओलाच, वर कुबट वास. मामंजींचं घोंगडं भिजलं तर दोन टोकं दोघांनी धरून पिळावं लागतं. फ्लीस रात्री पिळून माळ्याखाली टांगलं की सकाळी पोरगा तेच घालून शाळेला जातो. पॉलिस्टर पाणी पीतच नाही, वजनाच्या अर्धा टक्काही नाही.

दुसरं, आपल्या मेंढीची लोकर जाड. तिची टोकं टोचतात. पोराच्या मानेवर लाल पट्टा उठतो, खाजवून खाजवून रक्त काढतो. आणि एका घोंगड्याच्या पैशात आमच्या घरात सगळ्यांची फ्लीस येतात. मालकांना रात्रीच्या लाईटीवर उसाला पाणी पाजायला जावं लागतं. पाट फोडायचा, दारं मोडायची, त्यात खांद्यावर जड घोंगडं सांभाळायचं कुणी? प्लास्टिक आहे हे मलाही कळतं. पण ऊब आहे, परवडतं, वाळतं.

संकेश्वरचा गुऱ्हाळवाला:
वहिनी, वाळण्याचं कबूल. पण आगीचं कुणी बोलत नाही म्हणून लिहितो. गेल्या हंगामात आमच्या चुलवाणात चिपाडं सारणाऱ्या पोराच्या अंगात फ्लीसचं जॅकेट होतं. पहाटेची थंडी, पोरगं अगदी तोंडाशी बसलेलं. बाहीवर ठिणगी पडली. मोठा जाळ झाला नाही. कापड आक्रसलं, वितळलं आणि काळा थेंब होऊन मनगटाच्या वर कातड्याला चिकटला. पोरानं घाबरून बाही ओढली तर कातडंच बरोबर आलं. दवाखान्यात चिमट्यानं कण कण काढावा लागला.

पॉलिस्टर 260 अंशांच्या आसपास वितळतं. लोकर वितळत नाही, करपून तिची राख होते, आणि पेटायलाच तिला 570 अंशांच्या वर ताप लागतो. आमच्या आजोबांनी त्याच चुलवाणापुढं घोंगडं पांघरून जन्म काढला. घोंगड्याला भोकं पडली, अंगाला डाग नाही. पाचट पेटवणारे, वीटभट्टीवाले, चुलीपुढं भाकरी थापणाऱ्या बायका, यांनी फ्लीस घालूच नये.

रानवाटा:
हक्काबद्दल जे लिहिलं ते मागं घेणार नाही. इंग्लंडातल्या प्लिमथ विद्यापीठानं 2016 साली हिशेब मांडला: 6 किलो पॉलिस्टरच्या एका धुण्यातून सुमारे 4,96,000 तंतू पाण्यात जाऊ शकतात. फ्लीस तर मुद्दाम पिंजून, तंतू वर काढूनच बनवतात. आपल्या गावांत सांडपाणी गटारातून ओढ्याला आणि ओढ्यातून मलप्रभेला. तीच मलप्रभा सौंदत्तीच्या धरणात साठते आणि हुबळी-धारवाडचे लोक ती पितात. वहिनींना वाळायची घाई आहे, पण धुतलेलं पाणी जातं कुठं ते बघायची तयारी नाही.

नंदगडची सून:
तयारीची भाषा मला शिकवू नका. नदीचं पाणी काळं करणारे मोठाले लोक तुम्हाला दिसत नाहीत आणि माझ्या पोराचं जॅकेट तेवढं दिसतं.

खडेबाजारवाला:
जरा थांबा दोघंही. वडिलांच्या वेळेपासून आम्ही गरम कपडे विकतोय. रानवाटासाहेब, प्लिमथचा आकडा सांगितला तर पूर्ण सांगा की. त्याच मोजणीत ॲक्रेलिकचे, म्हणजे लोकरीसारख्या दिसणाऱ्या प्लास्टिकच्याच धाग्याचे, तंतू 7,28,000 निघाले, म्हणजे पॉलिस्टरपेक्षा जास्त. आणि बेळगावात 'लोकरीचा दाखवा' म्हणून जो स्वेटर लोक मागतात तो बहुतेक ॲक्रेलिकचाच असतो. गिऱ्हाईक हात फिरवून बघतं, आतलं लेबल वाचत नाही. फ्लीसवर तुटून पडताना अंगातला स्वेटर तपासा.

दुसरं, वरून कपडे टाकायच्या मशीनमध्ये फ्लीसचे तंतू समोरून उघडणाऱ्या मशीनपेक्षा कितीतरी जास्त सुटतात. कॅलिफोर्नियातल्या 2016 च्या अभ्यासात साधारण सात पट. जॅकेट जुनं झालं की आणखी सुटतात. सारखं धुऊ नये, घाम वाळवून पुन्हा घालावं.

टिळकवाडीची आई:
धुऊ नये म्हणता, पण फ्लीसला घामाचा वास कसला धरतो! माझं दुखणं वेगळंच आहे. मुलीच्या शाळेनं शाळेचं चिन्ह असलेलंच जॅकेट सक्तीचं केलंय, तेही एका ठरलेल्या दुकानातून. दिवाळीपर्यंत कोपरावर आणि दप्तराच्या पट्ट्याखाली गोळेच गोळे. दुकानदार म्हणतो घासून काढा, शाळा म्हणते दुकानदाराला विचारा. लोकर की फ्लीस हे आम्ही ठरवायचंच कुठं? पालकसभेत बोलले तर बाकीच्या आया खाली बघतात.

बिरोबाचं लेकरू:
मघापासून घोंगडं घोंगडं चाललंय म्हणून एक धनगर बोलतो. माझा बाप अथणीकडं मेंढरं राखतो. वर्षातनं दोनदा कातरण. कातरणाऱ्याला मजुरी रोख द्यायची आणि निघालेली काळी लोकर घेणारं कुत्रं नाही. पूर्वी घोंगडी विणणारे सणगर दारात येऊन पोत्यानं उचलायचे. आता त्यांचीच पोरं गवंड्याच्या हाताखाली नाहीतर पुण्याला कंपनीत. आम्ही लोकर बांधावर टाकतो. पाऊस पडला की ती कुजून वास मारते, मग खड्डा काढून पुरायची. मेंढराचे पैसे मटणाचे आणि शेतात बसवल्यावर खताचे. लोकरीचा निव्वळ खर्च. रानवाटासाहेब, तुमच्या घरात घोंगडं आहे का, तेवढं सांगा.

रानवाटा:
आहे. चिंचलीला मायाक्काच्या जत्रेत घेतलंय.

बिरोबाचं लेकरू:
काठाचा एक धागा काढून जाळा. टोकाला टणक मणी झाला तर मिलचा माल. केसाचा वास येऊन राख बोटात चुरगळली तर लोकर.

रानवाटा:
जाळला. वास केसाचा, बोटात राख झाली. झालं समाधान?

बिरोबाचं लेकरू:
झालं. आता सांगा, पांघरता का?

रानवाटा:
अंथरतो. पांघरायला जड होतं. त्यानं मुद्दा बदलत नाही.

नंदगडची सून:
जड होतं! मी पहिल्या ओळीपासून दुसरं काय सांगतेय?

खडेबाजारवाला:
धनगरबापू, मी घोंगडी ठेवायचो. लोकर पिंजायची, हातानं कातायची, चिंचोक्याची खळ लावायची, खड्ड्याच्या मागावर विणायचं. एवढ्या कामाची किंमत सांगितली की गिऱ्हाईक पायरी उतरतं. उरलेल्या मालाला कसर लागली. दुकानदारानं किती वर्षं डांबरगोळ्या घालून माल राखायचा?

बिरोबाचं लेकरू:
आणि विणणाऱ्याच्या हातात तुम्ही किती ठेवत होता? आमच्या आत्याच्या घरात माग होता. तुमच्यासारखे उधारीवर माल न्यायचे, पैसे पुढच्या जत्रेला. माग का मोडला ते आम्हाला विचारा.

खडेबाजारवाला:
तोंड सांभाळून. मी कुणाचा पैसा बुडवला नाही. तुमच्या आत्याला ज्यानं बुडवलं त्याच्या दारात जाऊन बोला.

बिरोबाचं लेकरू:
तुम्ही बुडवला म्हटलं नाही. उधारीचा धंदा म्हटलं. तो होता का नव्हता?

खडेबाजारवाला:
होता. सगळ्याच मालाचा होता.

कडोलीचा फौजी:
भांडण बाजारात करा, इथं कपड्याचं बोलू. बेळगावला फौजेच्या मराठा सेंटरला ट्रेनिंग झालं आणि मग नोकरी बर्फात. थंडीत एकच कपडा कधीच पुरत नाही. फ्लीस मधल्या थराला चांगलं, कारण त्याच्या पिंजलेल्या तंतूंत हवा अडकते आणि ऊब त्या हवेची असते. पण वारं थेट आरपार. पहाटे कडोलीहून उद्यमबागला मोटारसायकलवर जाणारी पोरं नुसतं फ्लीस घालून येतात आणि छाती धरून बसतात. वर वारं अडवणारं काहीतरी पाहिजेच. पायात मात्र लोकरीचेच मोजे. लोकर घाम पिते आणि ओली झाली तरी थोडी ऊब राखते.

आणि फ्लीस काही अनादिकाळापासून नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या माल्डन मिल्सनं 1979 च्या सुमारास ते काढलं, लोकरीला हलका पर्याय म्हणून. बर्फातली माणसं त्याच्या आधीही जगत होती आणि लोकरीतच जगत होती. बापू, तुमच्या जाड लोकरीचे मोजे मात्र कुणी घालणार नाही, टोचतात. ते वहिनींचं खरं आहे.

रानवाटा:
फौजीकाका, म्हणजे शेवटी लोकरच.

कडोलीचा फौजी:
पायात. अंगात मी फ्लीस घालतो आणि घालत राहणार.

नंदगडची सून:
गुऱ्हाळवाल्या दादांचं तेवढं मानते. चुलीपुढं जाताना काढून ठेवीन, पोरालाही होळीच्या रात्री घालू देणार नाही. धुण्याचं पाणी मी ओढ्याला सोडत नाही, परसातल्या केळीला घालते. रानवाटांना तेही चालणार नाही, मातीत तंतू गेले म्हणतील. म्हणू देत. पोराच्या मानेवर मी लोकर घालणार नाही.

रानवाटा:
मातीत गेले तर मातीतच राहतात, कुजत नाहीत. हे म्हणणारच. ओढ्यापेक्षा केळ बरी, एवढं म्हणतो.

बिरोबाचं लेकरू:
सगळ्यांचं झालं, लोकर तिथंच पडून राहिली. दिवाळीनंतरची कातरण होईल तेव्हा मेंढरं अथणीच्या बाजूलाच उसाच्या रानात बसलेली असतील. ज्याला घोंगड्याचा एवढा पुळका आहे त्यानं टेम्पो घेऊन यावं. लोकरीचे पैसे नकोत, कातरणाऱ्याची मजुरी तेवढी द्या. गाद्या भरा, झाडाच्या बुंध्याला घाला, विणणारा सापडला तर विणून घ्या. यायचं असेल तर आधी इथं लिहा, म्हणजे बाप खड्डा काढणार नाही.