'कृतिसंशोधन' हा शब्द कारखान्यात चालेल का?

मी कोल्हापुरात एमबीए करतोय, प्रोजेक्ट शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात आहे आणि सरांनी ॲक्शन रिसर्च पद्धत घे म्हणून सांगितलंय. कामगारांना 'कृतिसंशोधन' म्हणून सांगितलं तर मोल्डिंगवरचे, म्हणजे वाळूचे साचे करणारे एक मामा म्हणाले, "म्हणजे संशोधन तू करणार आणि कृती आम्ही करायची, असंच नव्हं?" तेव्हापासनं डोक्यात घोळतंय, शब्द चुकतोय का माझं सांगणं? क्रियात्मक संशोधन म्हणू का?

—

क्रियात्मक नको रे, ते हिंदीकडचं. मी शिक्षिका आहे, बीएडला आम्ही कृतिसंशोधनच म्हणतो. जोडून लिही आणि ति ऱ्हस्व, बुद्धिबळसारखा. पण आमच्याकडं अर्थ आकसलाय, आपल्या वर्गातली अडचण आपण सोडवायची एवढाच राहिलाय. कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञानं १९४६ च्या लेखात हा शब्द वापरला तो अल्पसंख्याकांच्या प्रश्नांवर लिहिताना, शाळेचा त्यात संबंध नव्हता. आखणी, कृती, कृतीनं काय झालं त्याची तपासणी आणि त्यावरनं परत आखणी, असे फेरे त्यानं मांडले. म्हणजे कृती संशोधनाच्या मागनं येत नाही, ती संशोधनाच्या पोटातच असते.

आणि मामांचा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये १९५३ साली लंडनच्या टॅव्हिस्टॉक या संशोधन संस्थेचे राइस आले, स्वयंचलित माग बसवूनही उत्पादन हवं तसं वाढत नव्हतं, कामाचे तुकडे पडलेले, कुणाचा कुणाशी मेळ नाही. ठराविक माग एका गटानं मिळून सांभाळायचे ही कल्पना त्यांनी मांडली आणि गट कामगारांनी स्वतःच जुळवले! मामांना हे सांग.

—

ताई बरोबर बोलल्या. मी उद्यमनगरात २० वर्षं कास्टिंगमध्ये आहे. भावा, रिपोर्टात कृतिसंशोधन लिही, पण शॉपवर 'करत करत शोधणं' म्हण, लगेच कळतंय. नुसतं 'करून बघणं' म्हणू नको, ते आम्ही रोजच करतोय, ब्लोहोल, म्हणजे ओतलेल्या पीसमध्ये वायूची भोकं आली की वाळूची ओल कमी करून बघायची, जमलं तर जमलं. पण कुठल्या दिवशी किती ओल होती, किती पीस रिजेक्ट गेले हे कोण लिहून ठेवतंय? ते लिहिणं, सगळ्यांनी बसून बघणं आणि मग पुढचं ठरवणं, हे त्या शब्दात यायला पाहिजे.

—

दादा, मग वही मामांच्याच हातात देतो. वहीवर 'करत करत शोधणं' असंच लिहितो.