प्रतिसाद : कपाशीवरचा राखाडी सोंडकिडा

काटोल रोडकडच्या कपाशीवरच्या फोटोला दोघांनी 'धान्यातला सोंडा' म्हटलंय. तो हा नव्हे, राजेहो! धान्यातल्याची सोंड बारीक नि लांब. याची आखूड, रुंद, म्हणजे एन्टिमिनी, आखूड सोंडवाल्या सोंडकिड्यांचं उपकुळ. जबडा भिंगाखाली पाहा, बहुधा छोटा व्रण दिसेल. कोषातून बाहेर पडताना वापरायचा जादा काटा तिथून गळून पडतो.

पण थेट मायलोसेरस (कपाशीवरच्या राखाडी सोंडकिड्याची प्रजात) म्हणायची घाई नको. डोळ्यामागे, छातीच्या पुढच्या कडेला ताठ केसांची झालर असेल, तर तो टॅनिमेकस या दुसऱ्या सोंडकिड्याच्या जमातीतला. झालर नाही, शिवाय मांडीला खालून दातासारखा काटा आहे, मग मायलोसेरसकडे वळा. तुमच्या फोटोत नेमकी मांडीच झाकलीय. कडेने एक टाका ना.

रंगावर तर अजिबात जाऊ नका. ती पांढुरकी झाक खवल्यांची, हाताळलं की झडते आणि खाली काळं अंग उघडं पडतं. प्रजातींचं तर विचारूच नका : २००० साली फ्लोरिडात सापडलेला श्रीलंकेचा सोंडकिडा आधी आपल्या कपाशीवाल्याचीच उपप्रजाती मानत, आता तो मायलोसेरस उन्डाटस, स्वतंत्र प्रजाती.