एसव्हीटी (हृदयाचे ठोके अचानक खूप वेगाने पडू लागण्याचा विकार) असताना धावणं: धडधड सुरू झाली तर नेमकं काय करायचं?

पायवाट:
वय ३८, आठवड्याला ३०-३५ किमी धावणं. निदान एव्हीएनआरटी प्रकारची एसव्हीटी (एव्ही नोड, म्हणजे हृदयाच्या वरच्या-खालच्या कप्प्यांमधला विजेचा दुवा, तिथे विजेची लहर गोल फिरत राहते), इको (हृदयाची सोनोग्राफी) नॉर्मल. मेटोप्रोलोल (ठोके मंदावणारी गोळी) चालू आहे, ॲब्लेशन (शिरेतून तार नेऊन हृदयातला फेऱ्याचा मार्ग जाळून बंद करणं) सुचवलंय. घड्याळावर १८० दिसलं तर ते श्रमाचं की एसव्हीटीच्या झटक्याचं, हे कसं ओळखायचं? आणि झटका आलाच तर रस्त्यात काय करायचं?

लीड_टू:
धावताना मनगटी घड्याळावर विसंबू नका. हात हलत असला की त्याचा सेन्सर पुष्कळदा नाडीऐवजी पावलांची लय पकडतो, आणि पावलंही मिनिटाला १६०-१८० पडतात! छातीचा पट्टा घ्या, इलेक्ट्रोड ओले करून बांधा.
आकड्यापेक्षा आलेख बघा. श्रमाने ठोके हळूहळू चढतात आणि थांबल्यावर उतरू लागतात. एसव्हीटीत १३० वरून एकदम १९०, आणि थांबलात तरी आकडा तिथेच चिकटलेला. मानेत धपधप जाणवली तर संशय आणखी पक्का. ईसीजीची सोय असलेलं घड्याळ असेल तर अशा वेळी स्थिर बसून ३० सेकंदांची पट्टी काढा. डॉक्टरांना तोंडी वर्णनापेक्षा ती कितीतरी उपयोगी.

नोडकरी:
सुधारित वालसाल्वा (जोर लावून फुंकून झटका थांबवण्याची पद्धत) डॉक्टरांकडून एकदा समोर करून घ्या. अर्धवट रेलून बसायचं, १० मिलीच्या बिनसुईच्या सिरिंजमध्ये दट्ट्या जेमतेम हलेल इतक्या जोराने १५ सेकंद फुंकायचं. लगेच पाठीवर आडवं व्हायचं आणि सोबत्याने दोन्ही पाय ४५ अंशांत उचलून १५ सेकंद धरायचे. दाब सुटताच रक्त हृदयाकडे परततं, रक्तदाब उसळतो, ठोके मंदावणारी व्हेगस नस चेतते. एव्ही नोडमधलं वहन क्षणभर अडलं की विजेचा फेरा तुटतो.
२०१५च्या ‘रिव्हर्ट’ नावाच्या वैद्यकीय चाचणीत या पद्धतीने ४३ टक्के रुग्णांची लय पूर्ववत झाली, पाय न उचलता १७ टक्के. फसतं ते बहुधा चार-पाच सेकंदांतच फुंकणं सोडल्यामुळे. मानेची नस स्वतः चोळत बसू नका.

पायवाट:
एकटं असताना पाय कोण धरणार?

नोडकरी:
बाक, कठडा, झाडाचं खोड, काहीही चालेल. टाचा टेकवायच्या. तरी एकट्याने लांब पल्ला सध्या नकोच.

लीड_टू:
मेटोप्रोलोलवर ठोक्यांवरून ठरवलेले व्यायामाचे जुने झोन (तीव्रतेचे टप्पे) निकामी होतात, कमाल ठोकेच खाली येतात. पूर्ण वाक्य बोलता येतंय तोवर वेग सोपा, हा हिशेब धरा. धावण्यासाठी गोळी परस्पर बंद करू नका. अचानक सोडली की ठोके उसळतात.
माझं मत विचाराल तर नियमित धावणाऱ्याने ॲब्लेशन लांबवू नये. एव्हीएनआरटीत यश साधारण ९५ टक्के. पेसमेकर लागण्याइतका एव्ही ब्लॉक (एव्ही नोडमधलं वहन अडणं) होण्याचा धोका एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी. जांघेतल्या शिरेची जखम भरेपर्यंत, म्हणजे साधारण आठवडाभर, धावणं आणि वजन उचलणं बंद.
चक्कर येऊन पडणं, छातीत दुखणं, धाप न थांबणं यांपैकी काहीही झालं तर सिरिंज बाजूला ठेवून थेट १०८.