‘फूट ड्रॉप’ला मराठीत काय म्हणावं? आणि टेंडन ट्रान्सफरला?

शिरपूरकर: कुष्ठरोग शिबिरासाठी माहितीपत्रक मराठीत करतोय. ‘फूट ड्रॉप’ला मी ‘पाऊल पडणे’ लिहिलं. एका आजोबांना वाचून दाखवलं, तर म्हणाले, “पाऊल पडाले पाह्यजे ना भाऊ, तेच ते पडत नही.” बरोबरच आहे त्यांचं. ‘पादपात’ शब्द उच्चारतानाच ठसका लागतो. आणि टेंडनला ‘कंडरा’ लिहू की ‘शीर’?

फिजिओताई, धुळे: मी फक्त विचारते, चालताना चप्पल निसटते का? “निंघी जास” म्हणाले की पुढचं कळतं. गुडघ्याखाली बाहेरच्या अंगाला बारीक हाडाच्या मानेवरून वळसा घेणारी नस या रोगात सुजते, निकामी होते. मग पाऊल वर उचलत नाही, चवडा घासतो, माणूस गुडघा उंच घेऊन चालतो. ‘लोंबतं पाऊल’ लिहा. ‘शीर’ मात्र नको. आपल्याकडे रक्तवाहिनी शीर, नस शीर, टाचेवरची ती धोंडशीर. ‘शीर कापणार’ ऐकलं की माणूस रात्रीच्या एसटीनं गाव गाठतो!

चोपडेकर: मग टेंडन ट्रान्सफरच्या ऑपरेशनला ‘कंडराबदली’? पाऊल आत वळवणाऱ्या स्नायूची नेमणूक पाऊल उचलायच्या खात्यात!

फिजिओताई: दादा, ते ‘गुडघा बदलला’सारखं वाटेल. नवं काहीच बसवत नाहीत. पोटरीत खोलवरचा तो स्नायू वरून जागेवरच राहतो. त्याची कंडरा खालच्या टोकाला सोडवून पावलाच्या वरच्या बाजूला आणतात, बहुधा दोन पदर करून शिवतात. 4 ते 6 आठवडे प्लास्टर. नंतर त्याला नवं काम शिकवायचं, आणि ती शिकवणी ऑपरेशनच्या आधीच सुरू झालेली बरी.

साक्रीचा शेतकरी: पांझरा नदीवर फडाला, म्हणजे एका पाटाखालच्या वावरांना, पाणी देताना आम्ही पाट वळवतो. बंधारा तिथंच, पाणी तेच, तोंड फक्त दुसऱ्या वावराकडे. ‘कंडरा वळवणे’ म्हणा की.

शिरपूरकर: घेतला! पहिल्यांदा येईल तिथं ‘कंडरा, म्हणजे स्नायूची हाडाला बांधलेली दोरी’ असं लिहितो.

फिजिओताई: छान. दोन गोष्टी ठळक छापा. लुळेपणा 6 महिन्यांच्या आतला असेल तर आधी डॉक्टरांकडे या, गोळ्यांनी नस सुधारू शकते. आणि ऑपरेशननं पाऊल उचलेल, बधिरपणा जाणार नाही. एमसीआर चप्पल, म्हणजे बधिर पावलांसाठीची मऊ रबराची चप्पल, सोडायची नाही. ‘बधिर’ तरी ठेवा हो, तिथं ‘संवेदनाहीन’ नको.