वायरिंग, वेल्डिंग की प्लंबिंग?

या तिन्हींपैकी कोणता ट्रेड, म्हणजे कोणतं कारागिरीचं काम शिकू, असं तू विचारलंस, आणि बहुतेकांनी 'डोळे झाकून इलेक्ट्रिशियन हो' असं सांगितलंय. पण आधी डोळे तपासून घे! लाल-हिरव्या रंगांत गोंधळ होत असेल तर वायरी ओळखताना अडचण येते, आणि बऱ्याच जणांना हे दृष्टिदोष तपासणीतच कळतं.

वेल्डिंगची ओढ असेल तर जरूर शीक, पण हेल्मेट आणि हवा खेळती ठेवण्याची सोय आहे का ते बघून. आर्कच्या, म्हणजे वेल्डिंग करताना पेटणाऱ्या विजेच्या झगझगीत ज्योतीच्या, अतिनील किरणांनी डोळ्यांची जळजळ काही तासांनी, बहुधा रात्री सुरू होते. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा जोडताना धूर छातीत गेला तर थंडीताप भरतो. प्लंबिंगमध्ये गुडघे आणि कंबर झिजते, एवढंच सांगतो.

खरा फरक कामाच्या स्वरूपात आहे. वायरिंगमध्ये अर्धा वेळ दोष शोधण्यात जातो, म्हणजे डोक्याला खुराक. वेल्डिंगमध्ये धातू जोडायचे तेच ते टाके, पण ते सफाईदार यायला हवेत. हाताची स्थिरता सरावानेच येते.

आणि ट्रेडइतकंच महत्त्वाचं म्हणजे उस्ताद कोण. आधीच्या शिकाऊ मुलांना गाठून विचार: पहिल्या वर्षात हत्यार हातात मिळालं, की नुसतं सामान उचलायला लावलं?